नवे मागं

मोईनोद्दीनभाई मागच्या चाकापाशी उकिडवे बसले,
खाचेत बोट घातलं.
नखसुद्धा बुडालं नाही.

"कुठून आलात या टायरवर?"
कळमनुरीहून. रात्री सीझर होतं.
"अन् पाऊस?"
होता.
त्यांनी वर पाहिलं फक्त.
पुतण्याला म्हणाले, अफरोज, चहा सांग.

मी भूल देते.
हिंगोली, कळमनुरी, औंढा, वसमत,
चार गावांत सात दवाखाने, आणि भूल द्यायला कुणी नाही,
फोन आला की मी निघते.
टेबलावरच्या बाईला विचारते,
वय किती, वजन किती, शेवटचं कधी खाल्लं.
आज मला विचारलं गेलं,
कधी घेतले, किती किलोमीटर झाले, हवा कधी बघितली.
तिसऱ्या प्रश्नाला मी चहा पिऊ लागले.

सोयाबीनचे दिवस. शेतातून वर चढणाऱ्या ट्रॅक्टरांनी
डांबरावर काळी माती सांडलेली लांबवर,
त्यावर परतीचा पाऊस, तोही धड नाही, उगं भुरभुर.
कयाधूच्या पुलाअलीकडं ब्रेकवर पाय ठेवला, ठेवलाच नुसता.
पुढची चाकं माझ्याकडं राहिली.
मागची कुणाचंच न ऐकता निघाली.
थांबले तेव्हा दिवे हिंगोलीकडं तोंड करून होते,
उजेडात तिरपा पाऊस,
आणि मांडीवर कधी घेतली ते आठवत नाही अशी
औषधांची पेटी.
एकही कुपी फुटली नव्हती.
गाडी वळवली. गेले.
मुलगी झाली, तीन किलो शंभर.

"डिकीत स्टेपनी आहे," मी म्हटलं, "एकदाही न वापरलेली."
खरंच, रबराचे बारीक केसही शाबूत होते.
भाईंनी कडेचे चार आकडे अंगठ्यानं पुसले, वाचले:
दोन हजार सोळा सालचा तेविसावा आठवडा.
"झिजला नाही, मॅडम. वाळलाय.
डिकीत बसून आपले सगळे उन्हाळे खाल्ले यानं."
तारीख उलटलेली कुपी मी डोळे मिटून फेकते.
इथं मात्र जीव तुटला,
चांगला दिसतो की अजून.

मग दोन टायर टेकवून उभे केले.
हा कडक, साठ हजार जाईल.
हा मऊ, चाळीसच. पण पाणी बाजूला सारून खाली रस्ता धरतो.
हात फिरवून बघा.
फिरवला. मला दोन्ही काळेच.
"भाई, आपल्याकडं पाऊस पडतो तरी किती दिवस?"
ते हसले, पानानं रंगलेलं.
"पडत नाही म्हणून तर!
रोज पडला असता तर रस्ता धुतला असता.
इथं आठ महिन्यांचं तेल अन् धूळ बसून असती,
चार थेंब आले की सगळं उठून बसतं."

पैसे दोघांपुरतेच होते.
अफरोज नवे पुढं लावायला निघाला,
मीही तेच सांगणार होते,
इंजिन पुढं, स्टिअरिंग पुढं, मीसुद्धा पुढं.
"नवे मागं," भाई म्हणाले.
"पुढचं सुटलं तर हाताला कळतं.
मागचं सुटलं की..."
आणि त्यांनी उताणा पंजा हवेत हळूच फिरवला,
अर्धा गोल.
अफरोजला तो कळला नाही बहुतेक.
मी काल त्याच्या आत बसले होते.

हवा भरली. दोनशे किलोमीटर दमानं चालवा, म्हणाले,
नवं रबर आधी रस्ता ओळखतं.
मऊ घेतले. बिलावर नाव चुकीचं लिहिलं, राहू दिलं.

नंतर अकरा दिवस थेंब नाही.
औंढ्याच्या वाटेवर रस्त्याच्या कामाचा टँकर
गळत गेला होता, वीसेक पावलं ओला पट्टा.
आरशात पाहिलं, मागं लांब एक मोटारसायकल.
ब्रेक दाबला, पूर्ण.

गाडी होती तिथं उभी राहिली.
माझं हसू आवरेना.
मोटारसायकलवाला कडेनं निघाला,
मागं बसलेल्या बाईच्या मांडीवर मेथीची जुडी,
"ओ ताई, मधीच काहून थांबता?"